घंटेची मूठ

नवसाबाईच्या घरात सकाळी दोन आवाज व्हायचे. आधी देवघरातली घंटा, आणि उन्हं पत्र्यावर आली की मागच्या शेडमधला लेथ. घंटा वाजली की शेजारणी पोरांना हलवायच्या, "उठा रे, नवसाबाईचे देव उठले." आणि लेथ सुरू झाला की म्हणायच्या, "झालं! आता तिच्या नवऱ्याचा राक्षस उठला."

नवसाबाई नुसती हसायची. मोठ्यानं बोलणं तिला कधी जमलंच नाही. सासरी आल्यावर पहिल्या वर्षी सासूबाई म्हणायच्या, "हिनं हाक मारली तर मांजरसुद्धा वळून बघायचं नाही." पण त्या घंटेचा आवाज मात्र थेट मळ्यापर्यंत जायचा. जे काय सांगायचं ते जणू तीच सांगायची.

घर मखमलाबाद रस्त्याला, पंचवटी मागं टाकली की मळे सुरू व्हायचे तिथं. दोन खोल्या, मागं शेड. लेक येवल्याला दिलेली. घरात ही दोघंच, नवसाबाई आणि कोंडाजी. सिंहस्थ एका वर्षावर आला होता, रामकुंडाकडचे रस्ते आतापासूनच खणून ठेवलेले, तेव्हाची ही गोष्ट.

घंटा नवसाबाईच्या आईची. आई फुलमळ्यातली. शेवंती खुडायला जायच्या आधी पहाटेच देवापुढं घंटा वाजवायची, आणि मग तोंडात पाणी. लेकीचं लग्न झालं तेव्हा भांडीकुंडी चारचौघींसारखीच दिली, पण निघताना ओटीतल्या तांदळांवर तिनं ती घंटा ठेवली. वीतभर उंच, जडशीळ, जुन्या काशाची. मुठीवर हात जोडून बसलेला गरुड, बोटं फिरून फिरून नाक झिजलेला. "हिच्याआधी पाणी पिऊ नको," एवढंच आई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून मागं फिरली.

ते नवसाबाईनं कधी मोडलं नाही. सोयर असो, सुतक असो, शेजारच्या सुलाबाईकडून घंटा वाजवून घ्यायची, स्वतः उंबऱ्याबाहेर बसून ऐकायची, आणि मग तांब्या तोंडाला लावायची.

आता लेथाचं सांगते. कोंडाजी सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होता, लेथवर लोखंड कातायचा. पाळ्यांना कंटाळला आणि एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून भंगारातला छोटा लेथ बैलगाडीत घालून घरी घेऊन आला. दोन हात लांब असेल नसेल. गंजलेला, एक चाक फुटलेलं. नवसाबाईनं त्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला तेव्हा गल्लीतली माणसं म्हणाली, "याच्यावरनं कशाला, नवऱ्याच्या डोक्यावरनं ओवाळा."

पण कोंडाजीचा हात गुणी. त्यानं त्या लेथाला एकेक जोड द्यायला सुरुवात केली, आणि बाजारातून विकत आणायचं तर नावच नाही. जे काय लागेल ते घरातून. खाली लोखंडाचा कीस पडायला तेलाचा डबा कापून पसरट तबक केलं. दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली नळीसकट मागून आणली आणि वर टांगली. तिच्यातून साबणाचं पाणी टूलवर, म्हणजे कातायच्या पात्यावर, थेंब थेंब पडायचं. नवसाबाई म्हणायची, "पेशंटची तब्येत कशी आहे आज?" तो म्हणायचा, "ताप उतरला, खोकला हाय अजून." फिरवायच्या चाकावर गजराच्या घड्याळाची तबकडी बसवली, म्हणजे टूल किती पुढं गेलं ते काट्यानं कळावं. ट्रकच्या एक्सलचा तुकडा अख्खा पावसाळाभर कानसून त्याचा चार तोंडांचा टूलपोस्ट केला. एक टूल झालं की फिरवायचं, दुसरं पुढं. आणि लेथ थरथरतो म्हणून पायांखाली घालायला काहीतरी जड हवं होतं, तेव्हा त्यानं दारात उभं राहून विचारलं होतं, "नवसे, तुझं जातं देतेस का? गिरणी झालीय म्हणून म्हणतो. नको असंल तर राहू दे."

तिनं दिलं. जात्याच्या दोन्ही तळ्या लेथाखाली गेल्या. नवा जोड बसला की ती त्याला हळदकुंकू लावायची. तो म्हणायचा, "मशीन माझं कुठं? निम्मं तर तुझ्या स्वैपाकघरातलं हाय." आल्यागेल्याला सांगतानाही तो "आमचं दोघांचं" असंच म्हणायचा. तिला ते फार आवडायचं. वरवर ती म्हणायची, "काहीतरीच."

एक दुखणं मात्र जात नव्हतं. ज्या दांड्याला चक, म्हणजे काम धरणारा जबडा, बसतो तो दांडा लेथाच्या डोक्यातल्या बुशमध्ये खेळायचा. बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची जाड बांगडीच म्हणा. ती झिजून सैल झाली होती. म्हणून ती घरघर, म्हणून तो राक्षस. जयरामभाऊ एका पंपाच्या कारखान्यातून कामं आणून द्यायचे. एकदा त्यांनी पंपाच्या तयार दांड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कोंडाजी, हा दांडा आहे का गोदावरी? नुसत्या लाटाच लागतात की बोटाला!" सगळा माल परत आला. कोंडाजी हसला, पण त्या दिवशी भाकरी अर्धी टाकून उठला.

बाजारातून त्यानं बुश आणून पाहिली. गनमेटल, म्हणजे तांबं-कथील, म्हणून दिलेलं, निघालं पितळ. थोड्याच दिवसांत पुन्हा घरघर.

त्याच आषाढात घंटेचा लोलक निसटला. आतली कडी झिजून तुटली. सकाळी नवसाबाईनं घंटा हलवली आणि आवाजाऐवजी लोलक पाटावर पडला. तिनं घंटा आणि लोलक लाल खणात बांधले आणि कोंडाजीच्या हातात दिले.

"भिकनभावजींकडे न्या. कडी बसवून द्या म्हणावं. नीट न्या, रस्त्यात कुठं ठेवू नका."

भिकन ओतारी दोन घरं सोडून राहायचा, सुलाबाईचा नवरा. त्याची भट्टी तांबट आळीच्या मागं होती. कोंडाजी गेला आणि हात हलवत परत आला. "नागपंचमीपर्यंत देतो म्हणाला."

त्या दिवसापासून नवसाबाई तांब्यावर पळी वाजवून आरती करू लागली. पण मनाला लागून राहिलं. पळीच्या टिंगटिंगीवर पाणी प्यायचं म्हणजे देवाला फसवल्यासारखं. मग तिनंच मनाशी ठरवलं आणि सुलाबाईजवळ बोलली, "घंटा परत येईपर्यंत मी मीठ सोडलंय."

"म्हणजे चातुर्मासाचा नेम का?"

"चातुर्मासाचा नाही. घंटेचा. आली की त्याच दिवशी मीठ खाईन."

कोंडाजी तिथंच पायरीवर विडी ओढत बसला होता. सुलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं विडी विझवली आणि शेडमध्ये गेला. नवसाबाईला वाटलं, माणसं आपल्या बायकांच्या उपासतापासांना कंटाळतात, तसाच कंटाळला असेल.

नागपंचमीच्या आसपास बुश आली. घंटा नाही, बुश. लालसर सोनेरी, ओतीव, अजून खडबडीत. कोंडाजी तिला दोन्ही तळहातांत धरून शेडकडं निघाला होता.

"मिळालं का शेवटी चांगलं गनमेटल?" तिनं विचारलं.

"मिळालं. जुनं हाय. असलं आता येत नाय."

"कुठून?"

"भिकननं दिलं कुठनंतरी." आणि लगेच म्हणाला, "नवसे, काजळ पाडून देतेस का थोडं? लय बारीक लागतं, दुकानातलं चालत नाय."

बुश बसवायची रीत अशी असते: दांड्याला काजळाचा पातळ हात द्यायचा, बुशमध्ये घालून फिरवायचा, आणि बाहेर काढला की बुशमध्ये जिथं काळं लागलंय तो उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा काजळ, पुन्हा फिरवणं. असं करता करता दांडा सगळीकडून सारखा टेकतो. नवसाबाईनं देवापुढच्या निरांजनावर तांब्याची ताटली उपडी धरली आणि काजळ पाडलं. तेलात कालवून दिलं. संध्याकाळी शेडमध्ये तो खरवडायचा, ती दांडा हातानं फिरवायची.

"हळू. हळू. बस. आता माघारी."

बुशवरचं काळं ती पदराच्या टोकानं पुसायची. पदर खराब झाला तर म्हणायची, "असू दे, निरांजनाचंच काजळ आहे." श्रावणातले कितीतरी दिवस असे गेले. लग्न झाल्यापासून नवऱ्याजवळ इतकी निवांत अशी ती कधी बसली नव्हती.

आणि एक दिवस त्यानं पट्टा चढवला, मोटरीचं बटण दाबलं, आणि लेथ फिरू लागला. नुसता फिरू लागला. घरघर नाही, थरथर नाही. पट्ट्याची सळसळ तेवढी. कोंडाजीनं एक नाणं लेथाच्या डोक्यावर कडेवर उभं केलं. ते उभंच राहिलं. तो तिच्याकडं पाहून लहान मुलासारखा हसला. नवसाबाईनं धावत जाऊन हळदकुंकवाचा करंडा आणला, लेथाला बोटं लावली, आणि खाली वाकून डोकं टेकवलं.

"अगं, पुरे की आता," तो म्हणाला. त्याचा आवाज कसा तरीच झाला. तिला वाटलं, आनंदानं.

शेजारणी म्हणाल्या, "राक्षस गेला वाटतं."

"माणसाळला," नवसाबाई म्हणाली.

घंटा मात्र येईना. ती कोंडाजीला रोज विचारायची. भांडून नाही, आरती झाली की पळी खाली ठेवताना विचारायची, "आज देतील का हो?" तो म्हणायचा, "बघतो." कधी म्हणायचा, "भट्टी बंद हाय." कधी, "सिंहस्थाचं काम आलंय त्याला, देवळाच्या कळसांचं." भिकन रस्त्यात भेटला तर ती त्यालाही विचारायची.

"वहिनी, घंटा म्हणजे काय बादलीचा कान आहे का, ठोकला की झाला? सूर लागायला वेळ लागतो," भिकन म्हणायचा.

तिला ते पटायचं. ती हरतालिकेचा, ऋषिपंचमीचा, सगळा प्रसाद आधी भिकनच्या घरी पाठवायची. हातातलं काम देवाचं आहे म्हणून.

अळणी जेवणानं भाद्रपदात तिच्या पायांत गोळे येऊ लागले. पहाटे पाणी भरताना पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. कोंडाजी तेल घेऊन बसायचा आणि तिच्या पोटऱ्या चोळायचा. लोखंड धरून राठ झालेले त्याचे हात, पण चोळायचा फार हळू.

"मीठ खा आता. देव काय रागवायचा नाय," एकदा तो म्हणाला.

"घंटा आली की खाईन ना. तुम्ही भावजींना तेवढं जरा सांगा."

तो चोळत राहिला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी यंत्राला विसावा. आदल्या दिवशी कोंडाजी म्हणाला, "औंदा लेथ मीच पुसतो. तुझे पाय दुखत्यात."

"इतकी वर्षं मीच पुसतेय. बाकी काही करू नका, तुम्ही झेंडू आणा."

नवमीच्या सकाळी तो पंचवटीच्या बाजारात फुलांना गेला आणि नवसाबाई रॉकेलची वाटी आणि चिंध्या घेऊन शेडमध्ये शिरली. सलाइनची बाटली धुतली. घड्याळाची तबकडी पुसली. टूलपोस्टाच्या चारही तोंडांतला कीस काढला. पत्र्याचं तबक उचलून बाहेर घासायला नेलं. तबकाखाली लेथाच्या बैठकीत एक लाकडी खोकं असायचं, त्यात जुनी दातेरी चक्रं, तुटके पट्टे. दरवर्षी ती तेही रिकामं करून पुसायची. लक्ष्मी काय वरवरच्या जागी थांबत नाही, असं आई म्हणायची.

खोक्याच्या तळाशी लाल खण होता.

तिनं तो ओळखला. हातात घेतला तेव्हा क्षणभर तिला आनंदच झाला. घंटा आली! आणि हे आपल्याला चकित करायला लपवून ठेवलंय, दसऱ्याला देणार. माणूस किती खुळा.

गाठ सोडली. आत लोलक होता. आणि गरुड होता, झिजल्या नाकाचा, हात जोडलेला. गरुडाच्या खाली मूठ. मुठीच्या खाली काही नव्हतं. करवतीनं सरळ कापलेली गोल जागा, तिच्यावर करवतीच्या दातांच्या बारीक रेघा. कापणाऱ्याचा हात कुठंही चुकलेला नव्हता. चुकला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती तिथंच जमिनीवर बसली. समोर लेथाचं डोकं होतं. त्यात बुश होती. लालसर, सोनेरी. जुनं हाय, असलं आता येत नाय.

सुलाबाई आंब्याच्या पानांचं तोरण घेऊन आली तेव्हा ती अजून तशीच बसलेली.

"अगं बाई, अशी का बसलीस? गोळे आले का?"

नवसाबाईनं हात पुढं केला. तळहातावर गरुड.

सुलाबाईच्या हातातलं तोरण खाली पडलं. ती काही विचारायच्या आधीच बोलू लागली, "मी ह्यांना म्हटलं होतं! देवाशपथ म्हटलं होतं. बाईमाणसाचा तळतळाट घेऊ नका. तर म्हणाले, नवरा-बायकोचं आहे, तू तोंड घालू नको. मला आधी वाटलं तुला ठाऊक आहे. मग तू मीठ सोडलंस, तेव्हा कळलं की नाही ठाऊक."

"तेव्हापासून?"

सुलाबाईनं मान खाली घातली.

"कडी बसवायलाच आणली होती गं तुझ्या घरच्यांनी. खोटं नाही सांगत. ह्यांनीच घंटा हातात घेऊन टिचकीनं वाजवली आणि म्हणाले, कोंडाजी, तुझी बुश तर ही आहे. दोन दिवस त्यांनी परत नेली नाही, वितळवा असंही म्हणाले नाहीत, भट्टीवरच ठेवलेली. तिसऱ्या दिवशी आले आणि मूठ स्वतःच कापली."

"परत वितळवली तर?"

"नाही व्हायची. नुसतं कासं ठिसूळ असतं म्हणून ह्यांनी तांबं घातलंय मुशीत. आता त्यातनं आवाज निघणार नाही." सुलाबाई रडायला लागली. "तुझा प्रसाद यायचा ना नवसाबाई, माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

"पण घेतलास," नवसाबाई म्हणाली. ती रागानं म्हणाली नाही. तिनं तोरण उचललं, झटकलं, आणि शेडच्या दाराला बांधायला घेतलं.

मागितली असती तर आपण दिली असती का? तोरण बांधता बांधता ती हाच विचार करत होती. जातं दिलं होतं. घंटा दिली असती? रडलो असतो, देवासमोर दिवसभर बसलो असतो, आणि मग कदाचित... तिला नक्की सांगता येईना. आणि हे आता कधीच कळणार नव्हतं, तिला स्वतःलासुद्धा. ते कळायची वाटच त्यानं बंद केली होती.

दुपारी पूजेला माणसं जमली. जयरामभाऊ मिठाईची पेटी घेऊन आले. आता त्यांचा एकही दांडा परत येत नव्हता. भिकन आला, सुलाबाई मागं भिंतीला टेकून उभी राहिली, गल्लीतली चार माणसं आली. लेथाला झेंडूची माळ, समोर पाट, पाटावर कानस, करवत, पाना, सगळी हत्यारं मांडलेली. कोंडाजीनं धुतलेला सदरा घातला होता. त्याचं लक्ष खोक्याकडं गेलं. खोकं पुसून, रिकामं, उन्हात वाळत ठेवलेलं होतं. त्यानं नवसाबाईकडं पाहिलं. ती निरांजनात वात घालत होती.

"चला वहिनी, आरतीला लागा," जयरामभाऊ म्हणाले. "आणि लेथासमोर जरा जास्त वेळ ओवाळा. त्याच्या जिवावर आम्ही साहेबांसमोर मान वर करतो."

नवसाबाई उठली. उजव्या हातात आरतीचं ताट घेतलं. डाव्या हातानं पदराखालून ती मूठ काढली, गरुडाच्या पाठीवर अंगठा टेकवला, जसा ती रोज टेकवायची, आणि आरती म्हणायला सुरुवात केली.

डावा हात वर-खाली होत होता. आवाज होत नव्हता.

पहिल्या कडव्याला सगळ्यांनी साथ दिली. मग भिकनच्या टाळ्या थांबल्या. मग कोंडाजीचा आवाज थांबला. एकेक करून लोक गप्प झाले, त्यांना काही कळलं म्हणून नव्हे, शेजारचा गप्प झाला म्हणून. शेवटी तिचा एकटीचा बारीक आवाज उरला, आणि तो हात.

जयरामभाऊंना राहवलं नाही. "वहिनी, अहो, घंटेला खालचा भागच नाही."

"आहे की भाऊ," ती म्हणाली. "तिथं आत आहे."

तिनं लेथाच्या डोक्याकडं पाहिलं. जयरामभाऊंनी लेथाकडं पाहिलं, मग कोंडाजीकडं, आणि हातातली मिठाईची पेटी त्यांना कुठं ठेवावी तेच कळेना.

नवसाबाईनं राहिलेली आरती पूर्ण केली. एकही कडवं गाळलं नाही. मग ताट घेऊन सगळ्यांपुढं गेली. भिकनपुढं गेली तेव्हा त्यानं निरांजनावर हात धरायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"घ्या ना भावजी," ती म्हणाली. "सूर लागला की नाही अजून?"

भिकन पायांत चपला न घालताच बाहेर पडला. नंतर त्याची पोरगी येऊन चपला घेऊन गेली.

संध्याकाळी दिवेलागणीला कोंडाजी घरात आला. दुपारपासून शेडमध्येच बसून होता. तिनं पाट मांडला, पान वाढलं. पुरणपोळी नव्हती, पण सणाचं साधं वरण, भात, भाजी, वर डावीकडं चिमूटभर मीठ, लिंबाची फोड. आपली भाजी तिनं नेहमीप्रमाणं मीठ घालायच्या आधीच बाजूला काढून ठेवलेली.

तो पानाकडं बघत राहिला.

"नवसे, माल परत आला होता. तू पाहिलंस ना? पुन्हा त्या कारखान्यात जाऊन कुणाची पाळी करायची, या वयात? मला दुसरं काय दिसंना."

तिनं दिव्याची वात वर केली.

"आणि देव काय घंटीत असतो का? तूच म्हणतीस ना, सगळीकडं असतो."

"देवाचं माझं मी बघीन," ती म्हणाली. "मी रोज तुम्हांला विचारत होते. देवाला नव्हते विचारत."

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. त्या संपल्या. मग तो एकदम घाईनं म्हणाला, "मी काय तसाच सोडणार नव्हतो. दिवाळीला नवी घंटा द्यायची ठरली होती भिकनशी. त्याच मापाची. म्हणून तर मूठ ठेवली जपून. तीच मूठ नव्या घंटेला बसवणार होतो, गरुड तोच. तुला कळलंसुद्धा नसतं."

"आवाज?"

"आवाजाचं, लोलक नवा हाय म्हणून बदललाय, असं सांगायचं ठरलं होतं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. त्यानं तोंडावरून हात फिरवला.

नवसाबाईला ती दिवाळी दिसली. नवी घंटा, जुना गरुड. आपण आनंदानं रडतोय. आईची आठवण काढतोय. पहिल्यांदा मीठ घालून जेवतोय, आणि सुलाबाई, भिकन, हा, सगळे बघतायत. आणि पुढची सगळी वर्षं रोज सकाळी ती घंटा वाजवून पाणी पितोय.

श्रावणातल्या त्या संध्याकाळीही तिला आठवल्या. हळू. बस. आता माघारी. तिच्या पदराला लागलेलं काळं धुऊनही पुरतं गेलं नव्हतं.

कोंडाजीनं पानावरचं मीठ बोटानं कडेला सारलं, पानाच्या बाहेर, पाटावर. भाजीची वाटी उचलून तिच्याकडं सरकवली.

"मला तुझ्यातली वाढ. आजपासनं मी पण अळणी खातो. तू खाशील तवर."

तिनं वाटी परत त्याच्या पानात ठेवली. मिठाच्या वाटीतून चिमूट घेतली आणि जिथं वाढायची असते तिथं, डाव्या हाताला, पुन्हा वाढली.

"कशाला?" ती म्हणाली, नेहमीच्याच हळू आवाजात. "ज्याचं काही परत यायचं असतं, त्यानं सोडायचं असतं मीठ. तुम्ही कशाची वाट बघताय?"

तिनं पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला.

"जेवा. निवेल."

त्यानं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. नवसाबाई समोर बसून राहिली, तो सगळं जेवेपर्यंत. मग त्याचं पान उचललं, जागा पुसली, आणि आपलं अळणी वाढून घेतलं.